कडकनाथ कोंबडा, घरच्या गावरान कोंबड्या आणि अर्धीच पिल्लं काळी... मला फसवलंय का?

माळावरची:
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही माण तालुक्यातले, घरी आठ-दहा गावरान कोंबड्या कायमच असतात, आजीच्या सासूच्या काळापासून असतील. खुराडं, डालगं, दिवसभर उकिरड्यावर आणि बांधाला चरणं, सगळं जुन्या पद्धतीचं. गेल्या दिवाळीत मी हौसेनं एक कडकनाथ कोंबडा आणला. काळाकुळकुळीत, तुरा काळपट जांभळा, जीभ काळी, नखं काळी, तोंड उघडून बघितलं तर टाळा पण काळा. विकणारा म्हणाला मध्य प्रदेशातल्या झाबुआची ओरिजनल लाईन आहे. आमचा जुना कोंबडा त्याच्या आधीच कुत्र्यानं नेलेला, म्हणजे अंगणात नर हा एकटाच.

तर झालं असं की एक कोंबडी खुडूक झाली, आजीनं तिच्याखाली तीन कोंबड्यांची मिळून १३ अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी ११ पिल्लं निघाली. लव सगळ्यांचीच काळी, पोटाखाली जरा पिवळसर पांढरी. पण हातात घेऊन बघितलं तर ७ पिल्लांची कातडी, चोच, पाय सगळं काळं आणि ४ पिल्लांची कातडी चक्क गोरी, म्हणजे साध्या पिल्लासारखी, पाय पण मळकट पांढुरके. शेजारचे काका बघून गेले आणि म्हणाले कोंबडा भेसळीचा आहे, खरा कडकनाथ असता तर सगळी काळी निघाली असती नायतर सगळी मिक्स. आजी म्हणते चार नर, सात माद्या. मी विचारलं कशावरून, तर म्हणे "दिसतंय की". आता काका खरे का आजी खरी ते तुम्ही सांगा. फोटो टाकलेत, दिसत नसले तर सांगा.

बांधावरचा:
फोटो दिसत नाहीयेत ताई. पण सांगतो, फसवलंय. कडकनाथ नावावर आपल्याकडं काय काय झालंय ते २०१९ ला इस्लामपूरच्या प्रकरणात सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय, अंडी घेतो पिल्लं घेतो म्हणून लोकांचे लाखो रुपये बुडाले. बाजारात कुठलाही काळा कोंबडा दिसला की कडकनाथ, निम्मे तर ऑस्ट्रालॉर्प जातीचे असतात. पिसं काळी म्हणजे कडकनाथ नाही.

माळावरची:
दादा पिसं नाही, जीभ आणि टाळा पण काळा आहे असं लिहिलंय मी वर. ऑस्ट्रालॉर्पचा तुरा लाल असतो ना?

बांधावरचा:
हो ते बरोबर. घाईत वाचलं. मग क्रॉस असेल, ५०-५०.

कोकणी_खुराडा:
एक शंका. जुना कोंबडा किती दिवसांमागं गेला? कारण कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, कोंबडा गेला तरी अंडी फळतात. आमच्याकडे रत्नागिरीला मी नवीन कोंबडा आणला आणि पहिल्या लॉटची पिल्लं सगळी जुन्या कोंबड्यावर गेली, मी आपला नवीन कोंबड्याला शिव्या घालतोय. नंतर कळलं.

माळावरची:
जुना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. आणि ११ पैकी एकाच्या पण अंगावर त्याच्यासारखी तांबूस लव नाही.

रानपिसं:
ताई, काकांचं ऐकून कोंबडा विकू नका. आधी एवढं सांगा:
ज्या तीन कोंबड्यांची अंडी होती त्यांच्या पायांचा रंग काय? पिसांचा रंग नकोय, नळीचा सांगा, गुडघ्याखालचा खवल्याखवल्यांचा भाग. आणि पिल्लांची कातडी बघताना पाय बघू नका, पंख उचलून काखेतली कातडी बघा. काळ्या लवेच्या पिल्लाचा पाय वरून मळकट दिसतोच, त्यानं फसायला होतं. काख आणि शेपटीखालची जागा, या दोन जागा खोटं बोलत नाहीत.

माळावरची:
आत्ता बॅटरी घेऊन बघून आले, खुडूक कोंबडी चोच मारून मारून हात लाल केलाय. काखेत पण तसंच, ७ काळी ४ गोरी. गोऱ्यांत एकाच्या पोटावर काळपट डाग आहेत तेवढे. तीन कोंबड्यांपैकी तांबडीचे पाय पिवळे, कवडीचे पाय पांढरट, आणि तिसरी करडी आहे तिचे पाय हिरवट शेवाळी रंगाचे. कोणतं पिल्लू कोणाचं हे मात्र सांगता येणार नाही, अंडी एकत्रच होती.

रानपिसं:
मग तुमची आजी बरोबर, आणि कोंबडा बहुतेक अस्सल. कोंबडा भेसळीचा असता तर असं दोन गटांत स्वच्छ पडलं नसतं. आता जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत उलटं आहे, आईकडून ठरतं. कोंबड्याकडं दोन झेड गुणसूत्रं, कोंबडीकडं एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी पिल्लाला डब्ल्यू आईकडून येतो म्हणजे तिचा एकुलता एक झेड बापाचा. नर पिल्लाला एक झेड आईचा एक बापाचा. एवढं डोक्यात ठेवा.

आता कडकनाथचा काळेपणा. त्याला दोन गोष्टी लागतात. एक जनुक असतो तो कातडीत, मांसात, हाडावरच्या पापुद्र्यात काळा रंग सोडतो, समजा पाटाला पाणी सोडलं. हा झेडवर नाही, दुसरीकडं आहे, नर-मादी दोघांना सारखा मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या पाण्याला घातलेला बांध. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या कोंबड्यांत हा बांध असतो, तो काळा रंग कातडीत उतरू देत नाही. कडकनाथमध्ये बांधच नाही म्हणून तो आतून बाहेरून काळा. आणि गंमत ही की हा बांध झेडवर बसलेला आहे.

म्हणजे तुमचा कडकनाथ कोंबडा (बांध नाही) गुणिले पिवळ्या पायाची तांबडी (बांध आहे). पाणी सगळ्या पिल्लांना सुटलं. नर पिल्लाला आईचा झेड मिळाला, त्याबरोबर बांध आला, रंग अडला, पिल्लू गोरं. मादीला झेड फक्त बापाचा, तिथं बांध नाही, पिल्लू काळं. म्हणून गोरी ती नर आणि काळ्या त्या माद्या. पहिल्या दिवशी, काख बघून, फुकटात.

खानदेशी_पाखरू:
बापरे. भाऊ हे तुम्ही बसल्या बसल्या काढलं का कुठं वाचलं?

रानपिसं:
माझं काही नाही यात. केंब्रिजच्या बेटसन आणि पनेट या दोघांनी १९११ ला छापलंय, त्यांनी सिल्की नावाची काळ्या कातडीची पांढरी कोंबडी वापरली होती. सिल्की आणि कडकनाथ दोघांत काळेपणाचा जनुक तोच आहे. पनेट म्हणजे बारावीला जीवशास्त्रात तो चौकोन काढायला लावतात ना, तोच.

डॉ_गोठा:
रानपिसं, उत्तम लिहिलंय. एक भर: तिसरी कोंबडी, हिरवट पायांची. शेवाळी किंवा निळसर पाय म्हणजे त्या कोंबडीत बांध नाही. तिची पिल्लं नर असोत मादी असोत, सगळी काळीच निघणार. तेव्हा ७ काळ्या म्हणजे ७ माद्या असं धरून चालू नका. गोरी चार मात्र नक्की नर.

आणि ताई, नर-मादी नंतर बघा, लस दिली का? मानमोडीची (राणीखेतची) लासोटा लस ५ ते ७ दिवसांत डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. गावरानला रोग होत नाही हा समज काढून टाका, मानमोडी आली की अख्खं खुराडं चार दिवसांत रिकामं होतं, हे दर उन्हाळ्यात बघतो मी. लस बर्फात आणायची, उन्हात गाडीच्या डिकीत टाकून नाही.

माळावरची:
उद्याच तालुक्याला जाते. थर्मास आहे घरी. आजीला सगळं वाचून दाखवलं, तिला पाट आणि बांध लगेच कळलं, मला दोनदा वाचावं लागलं. म्हणाली मग मी काय वेगळं सांगत होते.

बांधावरचा:
आजींना कसं कळलं पण? त्यांनी कडकनाथ तर पाळला नसणार आधी.

माळावरची:
विचारलं. तिचं म्हणणं, ती गोरी चार पिल्लं डोक्यानं मोठी आणि पायानं जाड होती, काळ्यागोऱ्याचं तिच्या डोक्यात पण नव्हतं. खरं खोटं देव जाणे.

कोकणी_खुराडा:
आमच्या आईची पद्धत म्हणजे पिल्लाला मानेकडे धरून उचलायचं, पाय पोटाशी घेतले तर मादी, लोंबकळत सोडले तर नर. आणि अंड्याची टोकदार बाजू बघून, लांबट टोकदार अंड्यातून कोंबडा. आणि तिसरी म्हणजे दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरायची, गोल फिरली तर मादी. तिन्ही करून बघितलंय मी वहीत लिहून. निम्मी बरोबर येतात.

रानपिसं:
निम्मी बरोबर येणारच की, नाणं उडवलं तरी निम्मी येतात :) अंड्याचा आकार कोंबडी ठरवते, एकच कोंबडी कायम टोकदार घालते आणि दुसरी कायम गोल, तिच्या सगळ्या पिल्लांत नर-मादी सारखेच. आणि थंड-गरम उबवून नर-मादी बदलत नाही, ते कासवा-मगरीत.

शुद्ध गावरानात ढोबळ खुणा पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतरच. आपल्याकडच्या बऱ्याचशा गावरान पिल्लांच्या पाठीवर खारीसारखे पट्टे असतात, त्या रंगात सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे छाती. पाच-सहा आठवड्यांचं झालं की नराच्या छातीवर काळी पिसं फुटायला लागतात आणि मादीची छाती फिकट तांबूस भुरकट राहते, रानकोंबडीसारखी. मग पंखाच्या खांद्यावर नराला तांबडी-विटकरी पिसं येतात, ठिपक्या-ठिपक्यानं. तुरा लाल होणं हे पण आहेच पण तुऱ्यावर एकट्यावर विसंबू नका, काही तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांचा, तुरा लवकर लाल होतो. दहा-बारा आठवड्यांना कमरेवरची पिसं बघायची, शेपटीच्या अगदी पुढं. नराची तिथली पिसं लांब, अरुंद, टोकदार आणि चमकणारी, मादीची गोल टोकाची. ही खूण दिसली की विषय संपला, आरवायची वाट बघायला नको.

मेहुणबारे_असील:
असीलवाल्यांचे हाल वेगळे आहेत राव. आमच्यात तुरा वाटाण्यासारखा, तीन ओळींचा बुटका, तो वाढतच नाही लवकर. दोन महिने झाले तरी नर का मादी छातीठोक सांगता येत नाही. मी पायाच्या नळीची जाडी आणि उभं राहण्याची ढब बघतो, नर ताठ, मान वर, आणि पिल्लू असतानाच अंगावर येतो. तरी गेल्या वर्षी एक नर म्हणून ठेवलेला तिनं फेब्रुवारीत अंडं घातलं. मित्रांनी अजून सोडलेलं नाही मला.
(झुंजीसाठी पाळत नाही, आधीच सांगतो, नाहीतर इथं प्रत्येक वेळी तेच सुरू होतं.)

ओहायोकर:
आमच्या इथल्या परसात सहा कोंबड्या पाळायला परवानगी आहे पण कोंबडा चालत नाही, पहाटे आरवला की शेजारी तक्रार करतात. त्यामुळे पिल्लू मादीच हवं ही आमची मोठी अडचण. मी बार्ड रॉक घेतो, ती काळी-पांढरी आडव्या पट्ट्यांची. तिच्या पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. मादीचा ठिपका लहान आणि कडा स्पष्ट, नराचा मोठा, पसरलेला. मादीचे पाय पण जास्त काळपट. कारण तेच झेडचं, पट्ट्याचा जनुक झेडवर आहे, नराकडे दोन प्रती म्हणून तो जास्त फिका, मोठा झाल्यावर पण कोंबडा मादीपेक्षा उजळ दिसतो. मी ठिपका बघून आठ निवडल्या, सात बरोबर निघाल्या. आठवा मित्राच्या फार्मवर सुखात आहे.

डॉ_गोठा:
आणि बिनपट्ट्याचा कोंबडा, म्हणजे समजा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड ही तांबडी जात), त्याला पट्ट्याची मादी दिली तर खूण आणखी सोपी होते. पट्टा आईकडून फक्त मुलाला जातो. डोक्यावर ठिपका म्हणजे नर, ठिपका नाही म्हणजे मादी. हॅचरीवाले हे रोज करतात.

खानदेशी_पाखरू:
मोठ्या हॅचरीत मागून दाबून बघतात ना एका दिवसाच्या पिल्लाला? आपण शिकू शकतो का?

डॉ_गोठा:
ती पद्धत जपानी लोकांनी बसवली, १९२० च्या दशकात मासुई आणि हाशिमोतो यांनी, नंतर तिथले तरबेज लोक जगभर हॅचऱ्यांत कामाला गेले. आत एक इवलासा उंचवटा असतो, तो बघायचा, आणि त्याचे पण अनेक प्रकार, नरात बारीक असू शकतो, मादीत दिसू शकतो. शिकायला हजारो पिल्लं हाताखालून जावी लागतात. घरी बारा पिल्लांवर करू नका, जोर जास्त झाला तर पिल्लू मरतं. पंखाच्या पिसांवरून ओळखणं पण ठराविक हॅचरी लाइनमध्येच चालतं, जिथं आईकडून उशिरा पिसं फुटण्याचा गुण मुद्दाम घातलेला असतो. गावरानात यूट्यूब बघून पिसं मोजत बसलात तर परत निम्मं बरोबर.

कोकणी_खुराडा:
आणि त्या हॅचरीतले अंड्याच्या जातीचे नर कुठं जातात माहितीये ना? जत्रेत गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं विकायला असतात ती तीच. लहानपणी दरवर्षी घ्यायचो, बापुडी दोन दिवस जगायची. एकदाच एक जगला, रंग उडून पांढरा झाला आणि घरच्या सगळ्यांना चावत फिरायचा.

बांधावरचा:
एक विचारू का. ताईंच्या तांबडीचे पाय पिवळे आहेत म्हणाल्या. पिवळे पाय म्हणजे बॉयलरचं रक्त ना? आमच्याकडं गावरान म्हणजे काळे नायतर हिरवट पायच धरतात, बाजारात बाया पाय बघूनच घेतात.

रानपिसं:
हा समज फार पसरलाय आणि त्यापायी चांगल्या गावरान कोंबड्या कापल्या जातात. उलट आहे. २००८ साली संशोधन आलं, पिवळ्या कातडीचा जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही, तो राखी रानकोंबड्याकडून आलाय. आणि राखी रानकोंबडा म्हणजे कोण? आपल्या सह्याद्रीतला. कोयनेच्या, महाबळेश्वरच्या रानात पहाटे तुटक तुटक आरवतो ना, तो. म्हणजे जगातल्या पिवळ्या पायाच्या सगळ्या कोंबड्या, बॉयलर धरून, हा रंग आपल्याकडच्या रानपाखराकडून घेऊन गेल्यात, आणि आपण पिवळा पाय दिसला की परका म्हणतो.

अर्थात बाजारातल्या बायांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही, कारण क्रॉस बहुतेक पिवळ्या पायाचे असतात. पण नुसत्या पायावरून निकाल देऊ नये. गावरान कोंबडी खुडूक बसते का, घार आली की पिल्लं पोटाखाली घेते का, रात्री झाडावर चढते का, ते बघा. हॅचरीची कोंबडी यातलं बरंच विसरलेली असते. कडकनाथ स्वतःच खुडूक व्हायला कमी, म्हणून झाबुआकडंही त्याची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवतात.

खानदेशी_पाखरू:
आमच्या नंदुरबारकडे आदिवासी घरांत बुसरा असते, लहानखुरी, रंग शंभर. एका घरात दोन सारख्या सापडत नाहीत. माझ्या आत्याकडे एक बोडक्या मानेची पण आहे, उन्हाळ्यात बाकीच्या चोच उघडून धापा टाकतात आणि ही मजेत. आणि एक उलट्या पखाची होती, तिला अमावस्या आली की गिऱ्हाईक. माणसं गाडी घेऊन यायची, म्हणाल तो पैसा. आत्यानं विकली नाही, म्हणाली अंडी देते ती, तुमच्या लिंबू-नारळाला दुसरी बघा.

माळावरची:
आत्याला नमस्कार सांगा :)
लस दिली सगळ्यांना. अपडेट टाकत राहते.

माळावरची (सहा आठवड्यांनी):
धागा वर काढतेय. ११ पैकी ९ आहेत. एक काळं घारीनं नेलं, एक गोरं पाण्याच्या भांड्यात बुडालं, माझीच चूक, भांड्यात दगड टाकायचे राहिले. उरली ३ गोरी आणि ६ काळी.

गोरी तिन्ही नर आहेत यात आता शंका नाही, तुरे आलेत, लालसर जांभळट, आणि एकमेकांना छाती भिडवून उड्या मारतात. पिसं काळीच आहेत पण मानेला सोनेरी झाक यायला लागलीय. काका परवा आले होते, त्यांना काख दाखवली, झेड-डब्ल्यू सांगितलं, ते म्हणाले असेल असेल आणि चहा पिऊन गेले.

बांधावरचा:
अभिनंदन ताई. फसवलंय म्हणालो होतो ते मागे घेतो.

मेहुणबारे_असील:
म्हणजे सहा तलंगा! त्या अंड्यावर आल्या की दोन मला ठेवा, गंमत नाही, खरंच. काळ्या कातडीच्या पण गावरान हाडाच्या, मला हेच पाहिजे होतं. मांस काळं निघेल ना?

रानपिसं:
माद्यांचं बऱ्यापैकी काळं, पूर्ण कडकनाथइतकं नाही, एकच प्रत आलीय. आणि कृपा करून यांना कुणी कडकनाथ म्हणून विकू नका. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो शुद्ध पक्ष्याच्या. आणि पुढं या क्रॉस माद्यांना हाच कोंबडा परत देऊ नका, बाप-लेकी होतात. कोंबडा बदला.
उलटा प्रयोग कुणी केला असेल तर तेही सांगून ठेवतो: गावरान पिवळ्या पायाचा कोंबडा आणि कडकनाथ मादी असेल तर सगळीच पिल्लं गोरी निघतात, नर पण मादी पण, कारण बापाकडून बांध सगळ्यांना जातो. तेव्हा खूण चालत नाही आणि लोक मादी बनावट म्हणून भांडायला जातात.

कोकणी_खुराडा:
अरे देवा. मी गेलो होतो भांडायला. दोन वर्षं झाली. त्या माणसाशी अजून बोलत नाही मी.

डॉ_गोठा:
फोन करा आता.

माळावरची (आणखी दोन महिन्यांनी):
शेवटचं अपडेट. सहा काळ्यांपैकी एक होती, सगळ्यात धीट, भाकरी खायला थेट स्वयंपाकघरात यायची, आजीनं तिचं नाव काळूबाई ठेवलेलं. गेले पंधरा दिवस माझं तिच्या तुऱ्याकडं लक्ष जात होतं, पण आजी म्हणायची लवकर अंड्यावर येणार आहे म्हणून तुरा फुलतोय. मी कमरेची पिसं बघितली तर टोकदार. आजीला दाखवली, ती म्हणे मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

आज पहाटे खुराड्यावर चढून आरवली. आवाज अजून फाटका आहे पण आरवणंच.

आजी आधी घाबरलीच, कोंबडी आरवली म्हणजे अशुभ, लगेच विळी घेऊन ये म्हणाली. मग तिला डॉक्टरांचा प्रतिसाद परत वाचून दाखवला, हिरव्या पायांच्या करडीची पिल्लं नर-मादी सगळी काळी, आणि हे करडीचंच पोर. कोंबडी नाही आरवली, कोंबडाच आरवला. तेव्हा विळी परत गेली.

डॉ_गोठा:
वाचला बिचारा. खरी मादी पण क्वचित आरवते बरं का, म्हातारी झाली किंवा डावं अंडाशय बिघडलं की तुरा वाढतो, पिसं नरासारखी येतात, अंडी बंद होतात. तो आजार आहे, अशुभ काही नाही. पण तुमचं प्रकरण सरळ नराचं आहे.

मेहुणबारे_असील:
म्हणजे तलंगा पाचच. माझ्या दोन धरून ठेवा मात्र. आणि काळूबाईचं नाव आता काय?

माळावरची:
काळूबाईच. आजी म्हणते तीन महिने हाक मारलीय, आता बदलली तर भाकरीला येणार नाही.